भिंतीवर ताटांची फळी: आधी ताट मोजा, मग भिंत, लाकूड सगळ्यात शेवटी

शोभेच्या ताटांसाठी घरी केलेली फळी बहुतेक वेळा तीनपैकी एका कारणाने बिघडते. ताट जरा दार आपटलं की पुढे येतं, फळी हळूहळू भिंतीपासून सुटते, किंवा फळी पक्की असूनही ताट उचलून काढायला वर जागाच उरत नाही. यात लाकडाचा दोष क्वचितच असतो. काम उलट्या क्रमाने झालेलं असतं: आधी प्लायवुड घरी येतं, मिस्त्री ते अंदाजाने कापतो, भिंतीला भोकं पडतात आणि ताटं सगळ्यात शेवटी हातात घेतली जातात.

खालचा क्रम २५ सेंमीच्या चार ताटांची एक फळी, अशा तीन फळ्या, या हिशोबाने दिला आहे. ताटं वेगळी असतील तर आकडे बदलतील, क्रम बदलू नका.

टप्पा १: ताटं मोजा

प्रत्येक ताटाची तीन मापं कागदावर लिहा: व्यास, खोली आणि वजन. खोली मोजायला ताट टेबलावर पालथं घाला आणि टेबलापासून ताटाच्या बुडापर्यंतची उंची घ्या. वजन स्वयंपाकघरातल्या काट्यावर होतं. २५ सेंमीचं चिनी मातीचं ताट साधारण ५०० ते ८०० ग्रॅम भरतं. पितळी किंवा काशाचं ताट अंदाजावर सोडू नका, जाडीप्रमाणे फार फरक पडतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं माप, म्हणजे फळीवरची खाच भिंतीपासून किती अंतरावर हवी. इथेच सर्वांत जास्त चुका होतात. लोक ताट सपाट चकती असल्यासारखं धरतात आणि खाच ३ सेंमीवर काढतात. पण ताटाच्या पाठीला बुडाचं कडं असतं. ताट मागे टेकवलं की त्याची वरची कड भिंतीला लागण्याआधी हे कडं लागतं. खोली २.५ सेंमी असेल तर ३ सेंमीवरच्या खाचेत ताट जवळजवळ सरळ उभं राहतं, आणि सरळ उभं ताट पुढे पडायला फक्त एक धक्का पुरतो.

सोपा हिशोब असा:

खाचेचं भिंतीपासून अंतर = ताटाची खोली + व्यासाचा आठवा भाग

२५ सेंमी व्यास आणि २.५ सेंमी खोली असेल तर २.५ + ३.१, म्हणजे ५.६ सेंमी. २० सेंमी व्यास आणि २ सेंमी खोली असेल तर ४.५ सेंमी. ३० सेंमी व्यास आणि ३ सेंमी खोली असेल तर पावणेसात सेंमी. या अंतरावर ताट साधारण १० अंश मागे कलतं, नक्षी समोरून नीट दिसते आणि वजन भिंतीकडे राहतं.

एकाच फळीवर लहानमोठी ताटं लावायची असतील तर सगळ्यात मोठ्याच्या मापाने खाच काढा. लहान ताट जरा जास्त कलेल, त्याने काही बिघडत नाही. लहानाच्या मापाने काढलेल्या खाचेत मोठं ताट मात्र पुढे येणारच. व्यासात ७–८ सेंमीहून जास्त फरक असेल तर फळीच वेगळी करा.

तपासा: एक टेबल भिंतीला चिकटवा. भिंतीपासून ५६ मिमीवर टेबलावर एक बारीक लाकडी पट्टी टेपने पक्की करा आणि तिच्या आतल्या बाजूला ताट टेकवा. ताट पडलंच तर म्हणून समोर उशी ठेवा. आता ताटाशेजारी भिंतीवर मूठ आपटा. ताट हललं तर अंतर अर्धा सेंमी वाढवा आणि पुन्हा पाहा. हे पाच मिनिटांचं काम टाळू नका.

लांबी: चार ताटांचे १०० सेंमी, मधली तीन अंतरं ३ सेंमीची, दोन्ही टोकांना ३–३ सेंमी. एकूण ११५ सेंमी.

दोन फळ्यांमधली उंची: ताटाचा व्यास + ४ सेंमी + वरच्या फळीखालची भिंतपट्टी (फळीला भिंतीशी स्क्रूने धरणारी पट्टी) ८ सेंमी + फळीची जाडी २ सेंमी, म्हणजे ३९ सेंमी. भिंतपट्टी धरायला विसरलं की ताटाची वरची कड तिच्याखाली अडकते. ताट खाचेतून वर उचलायला ते ४ सेंमी लागतातच.

टप्पा २: भिंत ओळखा

इंदुरात एकाच गल्लीत तीन प्रकारच्या भिंती सापडतात. राजवाड्याच्या आसपासच्या जुन्या घरांत चुन्यात बांधलेल्या जाड भिंती, नंतरच्या बंगल्यांत लाल वीट आणि सिमेंटचा गिलावा, नव्या इमारतींत एएसी ब्लॉक (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचे). तिघींना एकच स्क्रू चालत नाही.

फळी येईल त्या जागी, पुढे झाकलं जाईल अशा ठिकाणी, ५ मिमीचं एक चाचणी भोक पाडा आणि पडणाऱ्या भुकटीचा रंग पाहा. पहिले १२ ते १५ मिमी राखाडी किंवा पांढरी भुकटी येते, तो गिलावा. मग तांबडी भुकटी सुरू झाली की वीट लागली. ड्रिल लोण्यात गेल्यासारखं सुळकन आत गेलं आणि फिकट राखाडी पीठ आलं तर एएसी ब्लॉक. ड्रिल पुढे सरकेनासं झालं तर कॉलम किंवा बीम आहे. राखाडी भुकटी शेवटपर्यंत बदलली नाही तर तुम्ही दोन विटांमधल्या सांध्यात शिरला आहात. ३–४ सेंमी वर किंवा खाली सरका.

लाल विटेच्या भिंतीला ८ मिमीचा, ४० मिमी लांब नायलॉनचा प्लग (इथले दुकानदार गिट्टी म्हणतात) आणि १० नंबरचा ७५ मिमी स्क्रू. एएसी ब्लॉकला त्याच ब्लॉकसाठी मिळणारा लांब प्लग मागा आणि ड्रिलचा हॅमर बंद ठेवा, नाहीतर भोक आतून फुटून मोठं होतं. चुन्याच्या भिंतीत वीट भुसभुशीत निघाली तर फळी भिंतीवर टांगूच नका. दोन्ही बाजूंना जमिनीपर्यंत जाणाऱ्या उभ्या पट्ट्या द्या. वजन जमिनीवर जाऊ द्या आणि भिंतीतले स्क्रू फक्त मांडणी पुढे पडू नये म्हणून राहू द्या.

माळव्याची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि पाया उथळ असलेल्या घरांत भिंतींना तिरक्या भेगा पडतात. उन्हाळ्यात रुंदावणारी आणि पावसाळ्यात मिटणारी भेग जिवंत असते. तिच्यावरून फळी नेऊ नका. पुट्टी भरून गिलावा केला तरी भेग पुन्हा उघडते आणि प्लग सैल होतो. भेगेपासून निदान ३० सेंमी दूर राहा.

ओल तपासायला ३० × ३० सेंमीचा प्लास्टिकचा तुकडा चारही कडांना टेप लावून भिंतीवर दोन दिवस चिकटवा. आतल्या बाजूला पाणी सुटलं तर ती भिंत सोडा. न्हाणीघराला लागून असलेली आणि पावसाचा मारा खाणारी भिंत तर हमखास तपासा.

सावध: स्विचबोर्डाच्या सरळ वर, खाली आणि दोन्ही बाजूंना वायर आत गेलेली असते. त्या रेषांपासून १५ सेंमी अंतर ठेवा. भिंतीमागे नळ असेल तर पाइप कुठून जातो ते आधी शोधा. भोकं पाडताना त्या खोलीचा एमसीबी बंद करा आणि ड्रिलला दुसऱ्या खोलीतून वायर आणा.

पलंगाच्या उशाशी, पाळण्यावर, सोफ्यावर बसणाऱ्याच्या डोक्यावर आणि दार उघडून जिथे आदळतं त्या भिंतीवर ताटांची फळी लावू नये. सगळ्यात खालची फळी जमिनीपासून १२० सेंमीच्या वर ठेवा, लहानग्यांचा हात सहज पोचत नाही.

टप्पा ३: लाकूड आणि कापणी

१९ मिमी प्लायवुड घ्या. सुताराशी सुतात बोललात तर ६ सूत. बीडब्ल्यूआर किंवा बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही टिकणाऱ्या) दर्जाचं मागा आणि शिक्का पाहून घ्या. सागवान उत्तमच, पण एक इंची फळीला रंधा मारल्यावर ती २० ते २२ मिमी भरते, तेवढा फरक मापात धरा. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड नको. त्यांच्या कडेत स्क्रू धरत नाही, आणि एका पावसाळ्याच्या दमट हवेत कड फुगते.

तीन फळ्यांना लागणारं सामान:

- ८ × ४ फुटी शीटमधून २४४ × ४२ सेंमीचा एक पट्टा
- सागवानी पट्टी ८ मिमी जाड, ३१ मिमी उंच, ११५ सेंमीच्या तीन
- १० नंबर ७५ मिमी स्क्रू १८ आणि तेवढेच प्लग, दोन-चार जास्त
- ८ नंबर ५० मिमी स्क्रू २५
- पाण्याला टिकणारा सुतारी डिंक, सँडपेपर १२०, १८० आणि २२० नंबर, सीलर, पॉलिश

इंदूरच्या सियागंज बाजारात यातलं बरंचसं एका फेरीत मिळतं. स्क्रू मोजून घेताना एक हातात धरून पाहा: धार आणि चर बोथट असतील तर तो स्क्रू विटेत अर्ध्यावर मुंडी तुटून राहतो.

पट्टा आडवा न कापता आधी उभा चिरा: १२ सेंमी रुंदीच्या दोन आणि ८ सेंमी रुंदीच्या दोन लांब पट्ट्या. करवतीचं पातं प्रत्येक कापात ३ मिमी खातं, म्हणून ४० ऐवजी ४२. लांबी अजून कापू नका.

टप्पा ४: खाच

१२ सेंमीच्या दोन्ही पट्ट्या पूर्ण २४४ सेंमी लांबीच्या असतानाच खाच काढा. आधी तुकडे करून प्रत्येकावर वेगळी खाच काढली की दोन-दोन मिमीचा फरक पडतो, आणि तीन फळ्या एकाखाली एक लागल्यावर ताटांची रांग वाकडी दिसते.

खाच मागच्या कडेपासून ५६ मिमीवर (हे खाचेच्या मध्याचं माप), रुंदी ८ मिमी, खोली ५ मिमी. राउटरला (लाकडात खाच पाडणाऱ्या यंत्राला) बाजूची पट्टी बांधून दोन फेऱ्यांत काढा, एका फेरीत अडीच मिमी. एकाच फेरीत ५ मिमी घेतलं तर प्लायच्या वरच्या पापुद्र्याचे तुकडे उडतात. खाच १० मिमीहून रुंद झाली तर बारीक कडेचं ताट तिच्यात डुलतं.

राउटर नसेल तर १० × १० मिमीच्या दोन पट्ट्या मध्ये ८ मिमी अंतर ठेवून डिंक आणि बारीक खिळ्यांनी बसवा. दिसायला थोडं जड, कामाला तितकंच चांगलं. मग वरच्या फळीखाली ४ ऐवजी ५ सेंमी मोकळे ठेवा.

आता लांबी कापा. ११५ सेंमीच्या तीन फळ्या आणि तीन भिंतपट्ट्या होतील. उरलेल्या १२ सेंमी रुंद तुकड्यातून ८ × ८ सेंमीचे सहा तिकोनी टेकू काढा.

तपासा: कापलेल्या तुकड्यावर खरं ताट उभं करून पाहा, ताटाची कड खाचेच्या तळाला टेकली पाहिजे. मध्येच अडकत असेल तर खाच अरुंद आहे.

टप्पा ५: जोडणी

भिंतपट्टी फळीच्या खाली येते, वर नाही. पुष्कळ जण ती वर लावतात, कारण ताटांमागे लपते. पण मग ताटाचं बूड त्या १९ मिमी जाडीला आपटतं आणि टप्पा १ चा सगळा हिशोब चुकतो.

भिंतपट्टी ८ सेंमीपेक्षा अरुंद करू नका. दिवाळीच्या साफसफाईत स्टुलावर उभं असताना कुणीतरी फळीच्या पुढच्या कडेचा आधार घेतं, तेव्हाच फळी सुटते, ताटांच्या वजनाने नव्हे. १२ सेंमी पुढे आलेल्या कडेवर २० किलोचा दाब पडला, तर ८ सेंमीच्या पट्टीत वरून २ सेंमीवर असलेल्या स्क्रूंच्या ओळीवर मिळून साधारण ४० किलोची ओढ येते. तीच पट्टी ३ सेंमीची असेल आणि स्क्रू तिच्या मध्यावर असेल तर ओढ १६० किलो होते. प्लग तोच, भिंत तीच, फरक फक्त पट्टीच्या रुंदीचा.

फळीची मागची कड आणि पट्टीची पाठ एका रेषेत आणा. गुण्याने काटकोन पाहा. पट्टीच्या वरच्या कडेला डिंक लावा, फळीवरून ३ मिमीची भोकं पाडून २० सेंमी अंतराने ८ नंबरचे स्क्रू पिळा. आधी भोक न पाडता स्क्रू मारला तर प्लाय कडेतून फाटतं. टेकू टोकांपासून ३० सेंमीवर डिंक आणि एकेका स्क्रूने बसवा.

पुढची सागवानी पट्टी फळीच्या खालच्या पातळीशी जुळवून चिकटवा, म्हणजे वर १२ मिमीचा ओठ उभा राहतो. ताट खाचेतून सुटलंच तर हा ओठ त्याला अडवतो. ओठ यापेक्षा उंच केला तर ताटाची खालची नक्षी झाकली जाते.

भिंतपट्टीवर आता ५ मिमीची भोकं पाडा: वरच्या ओळीत चार, खालच्या ओळीत टोकांना दोन. ती टेकूंच्या मागे किंवा वरून आलेल्या स्क्रूंच्या वाटेत येऊ देऊ नका. स्क्रूची मुंडी बसायला खळगा करा. डिंक रात्रभर वाळू द्या.

टप्पा ६: पॉलिश, भिंतीवर चढवण्याआधी

भिंतीवर लावून मग पॉलिश केलं की पाठ कोरडी राहते, दमट हवा तिथून शिरते आणि फळी वाकते. सर्व बाजूंना, खाचेच्या आत आणि पाठीलाही हात द्या. १२० ने घासा, मग १८०, सीलरचा हात, २२० ने हलकं घासून पॉलिशचे दोन हात.

जून ते सप्टेंबर स्पिरिट पॉलिश टाळा, दमट हवेत ते पांढरं पडतं. करायचंच असेल तर दोन-तीन कोरड्या दिवसांची उघडीप गाठा.

सावध: पितळ, तांबं किंवा काशाची ताटं ताज्या पॉलिशवर ठेवू नका, वाफेने काळवंडतात. आठवडाभर फळी उघड्यावर वारा खाऊ द्या.

टप्पा ७: भिंतीवर लावणं

एकदम सहाही भोकं भिंतीवर खुणावून पाडू नका. विटेत ड्रिल थोडं तरी घसरतं. सहापैकी दोन भोकं ३ मिमी हलली की फळी बसत नाही, मग पट्टीची भोकं मोठी करावी लागतात आणि पकड जाते. क्रम असा ठेवा:

१. पाणसळीने भिंतीवर पेन्सिलची आडवी रेघ मारा. छत किंवा फरशी धरून मोजू नका, दोन्ही क्वचितच पातळीत असतात.

२. फळी रेघेवर धरा. वरच्या ओळीतलं डावीकडून दुसरं भोक खुणवा. फळी बाजूला ठेवा.

३. आधी ५ मिमीच्या बिटने हॅमर बंद ठेवून गिलाव्यात खळगा करा, मग ८ मिमीच्या बिटने विटेत जा. बिटवर ६५ मिमीला टेप गुंडाळा, तिथे थांबा.

४. भोकातली भुकटी रबरी नळीने फुंकून काढा, चश्मा घालून. भुकटी राहिली की प्लग पूर्ण आत जात नाही.

५. प्लग हातोडीने हलके ठोका आणि मग खिळ्याने गिलाव्याच्या पुढे विटेत ढकला. प्लगचं तोंड गिलाव्यात राहिलं तर स्क्रू पिळताना गिलाव्याचा पोपडाच निघतो.

६. फळी त्या एका स्क्रूवर सैल लटकवा. पाणसळ वर ठेवून फळी पातळीत आणा आणि आता बाकीची भोकं त्यांच्या जागीच खुणवा.

७. फळी फिरवून बाजूला करा किंवा काढा, उरलेली पाच भोकं पाडा, प्लग घाला, फळी परत लावा.

८. स्क्रू आळीपाळीने, थोडे थोडे आवळा. भिंतीत खोलगट भाग असेल तर पट्टी ओढून भिडवू नका, मागे पातळ लाकडी पाचर घाला. जबरदस्तीने ओढलेली पट्टी वाकते आणि खाचही तिच्याबरोबर वाकते.

स्क्रू फिरतच राहिला, आवळलाच जात नाही, म्हणजे प्लग आत फिरतो आहे. काडेपेटीच्या काड्या कोंबून वेळ मारून नेऊ नका. प्लग काढा, भोक १० मिमीचं करा, १० मिमीचा प्लग आणि त्याला साजेसा जाड स्क्रू घाला. तेही जमलं नाही तर ३ सेंमी सरकून नवं भोक.

सगळ्यात वरची फळी आधी लावा. खालून सुरुवात केली तर वरची भुकटी आणि एखादवेळी ड्रिलही खालच्या पॉलिशवर पडतं.

टप्पा ८: भार तपासा, मग ताटं

चार ताटं मिळून साधारण ३ किलो होतात. एक लिटर पाण्याच्या १२ बाटल्या फळीवर ओळीने ठेवा आणि एक दिवस राहू द्या. दुसऱ्या दिवशी पट्टी आणि भिंत यांच्या वरच्या फटीत पोस्टकार्ड घालून पाहा. काल शिरत नव्हतं आणि आज शिरतं, तर कुठला तरी प्लग धरत नाही. फळी काढा, तो शोधा.

ताटाच्या खालच्या कडेला खाचेत पारदर्शक सिलिकॉनचा तांदळाएवढा ठिपका दोन जागी ठेवा आणि तो वाळल्यावरच ताट उभं करा, म्हणजे ताट चिकटत नाही आणि सरकतही नाही. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन पितळ-तांब्याच्या जवळ नको, त्यातलं आम्ल धातूवर डाग पाडतं. ‘न्यूट्रल’ लिहिलेलं घ्या. चांदीच्या ताटाखाली लोकरीचं फेल्ट घालू नये, लोकरीतल्या गंधकाने चांदी काळी पडते. जयपूरची ब्लू पॉटरी मातीची नसून क्वार्ट्झच्या भुकटीची असते आणि तिच्या कडेचे टवके लवकर उडतात, तिला ठिपके द्याच.

इंदुरात अनंत चतुर्दशीला झांक्यांची (चित्ररथांची) मिरवणूक ज्यांच्या रस्त्यावरून जाते त्यांनी त्या रात्री ताटं उतरवून ठेवावीत. ढोल आणि स्पीकरने भिंत थरथरते तेव्हा खाच कितीही बरोबर असली तरी ताट जागेवर वळतं.

पहिला पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरात, सगळे स्क्रू हाताच्या पेचकसाने तपासा. लाकूड फुगून आकसलेलं असतं, बहुतेक स्क्रू पाव फेरा घेतात. त्याहून जास्त फिरला तर तो प्लग बदला.